तिच्या वतीनं

ती चुकून फ्रिज विकणाऱ्यांच्या सभेत जाऊन बसली होती, आणि सभा तिला आवडली होती.

तिचा तरी काय दोष? परक्या देशातला पहिला दिवस, बाहेर पाऊस, डोळ्यांवर झोप आणि एकाच इमारतीत दोन संमेलनं. वर लेखकांचं, खाली फ्रिजवाल्यांचं. भाषा औषधालाही कळत नव्हती. स्टेजवर एक गृहस्थ डोळे अर्धवट मिटून बोलत होते, मध्येच थांबत होते, आणि लोक माना डोलवत होते. तिला वाटलं, मुक्तछंद असावा. शेवटी त्यांनी एक पांढरं दार हळूच उघडलं, आतला दिवा लागला, आणि तिच्या अंगावर काटा आला. ती टाळ्या वाजवत उभी राहिली. एकटीच.

"तुम्ही लेखिका ना?" मागून कुणीतरी विचारलं. चक्क आपल्या भाषेत.

तिनं वळून पाहिलं. ओल्या रेनकोटातला एक उंच माणूस. कपाळावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"कशावरून ओळखलंत?"

"इथं बाकी कुणाच्या डोळ्यांत पाणी नाहीये."

तिनं घाईनं डोळे पुसले. "आणि आपण?"

"मी तुमचा दुभाष्या. तुम्ही बोलायचं, मी ते त्यांना सांगायचं. ते बोलतील ते तुम्हाला."

"आणि तुम्हाला स्वतःला काही बोलायचं असलं तर?"

त्यानं खरोखर विचार केला. "तशी वेळ येत नाही," तो म्हणाला.

संमेलनानं तिला विनोदी लेखन शिकवायला बोलावलं होतं. तिच्या पुस्तकात एक मामा होते. वर्तमानपत्रानं चुकून जाहीर केलेल्या स्वतःच्याच शोकसभेला ते गेले होते, आणि तिथंही उशिरा पोचले होते. एवढ्या भांडवलावर ती आली होती. वर्गातल्या मंडळींना मात्र विनोदाचं वावडं होतं. निवृत्त न्यायाधीशबाईंच्या गोष्टीत आजोबा मरत. दंतवैद्याच्या गोष्टीत कुत्रा मरे. खिडकीशी बसणाऱ्या ग्रंथपालाच्या गोष्टीत तर निवेदकच पहिल्या पानावर मरे, आणि पुढे कोण बोलतंय याचा पत्ता लागत नसे.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणीही मरायचं नाही," तिनं फर्मान काढलं.

दुभाष्यानं ते सांगितलं. न्यायाधीशबाईंनी हात वर करून विचारलं, आजारी पडलेलं चालेल का.

दुभाष्यांच्या धंद्यात एक रीत असते. बोलणारा 'मी' म्हणाला की त्यांनीही 'मी'च म्हणायचं. 'या असं म्हणतायत' वगैरे शेपूट लावायचं नाही. दोघांच्या मध्ये आपण नाहीच असं वागायचं. रीत उत्तम आहे. फक्त झालं असं, की लोकांना कळणारा आवाज त्याचा होता. तिनं सांगितलं, मी लहानपणी पाण्याच्या टाकीत पडले होते. दंतवैद्यानं सुट्टीत जाऊन त्याला विचारलं, अजून भीती वाटते का. तिनं सांगितलं, माझं लग्न ठरून मोडलं. न्यायाधीशबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्यासाठी कॉफी आणली. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वाईट वाटणं वेगळं.

"ती कॉफी माझी आहे," ती म्हणाली.

"लग्न मोडल्याची आहे. अर्धी घ्या."

त्यानं कप पुढे केला. तिनं घेतला. बोटांना बोटं लागली… इतकंच. पण दुपारी शिकवताना तिचं पहिलंच वाक्य अडखळलं, आणि कमाल म्हणजे त्याचंही.

ताईचा फोन रोज यायचा.

"हसतात का गं तिकडचे लोक?"

"हसतात. पण माझ्याकडे बघून नाही, दुभाष्याकडे बघून."

"का? तोंडावर काही आहे त्याच्या?"

"तसं नाही गं. मी बोलते, तो ऐकतो, मग माझंच त्यांना सांगतो."

"म्हणजे ऐकतो तरी," ताई म्हणाली. "आमच्याकडे तेवढ्याचीही बोंब आहे." मग जरा थांबून, "एकटा आहे का?"

"ताई."

"विचारायला काय जातंय माझं?"

एकटा होता. संध्याकाळी तो तिच्याबरोबर गावात यायचा, कारण तिला साधा साबणही त्याच्याशिवाय घेता येत नव्हता. चपलांच्या दुकानात ती म्हणाली, "चावतायत." तो दुकानदाराला म्हणाला, मला चावतायत. दुकानदारानं वाकून त्याचे पाय पाहिले, मग त्या बायकी चपला पाहिल्या, आणि अत्यंत सभ्यपणे एक मोठा नंबर आणून दिला. बाहेर येऊन दोघं एका छत्रीत उभं राहून हसत होती. हसता हसता तिनं पाहिलं, त्याचा रेनकोट एका बाजूनं पार भिजलाय. छत्री सगळी तिच्यावर होती.

"तुम्ही भिजताय."

"तुमच्या वतीनं," तो म्हणाला.

असं बोलायचं आणि मग रस्त्याकडे बघत राहायचं — हे त्याचं तिला जाम आवडायला लागलं होतं. आणखीही काही काही. ती बोलायला श्वास घ्यायची, तेव्हा तोही घ्यायचा. तिला शब्द सापडेना, की त्याच्या कपाळावर आठी यायची. आपण काय बोलणार याची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. घरच्यांनी तर नाहीच.

मग ती आईची गोष्ट झाली.

विनोद दुःखाला चिकटूनच असतो, हे तिला वर्गाला सांगायचं होतं. ती म्हणाली, "आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसपुढे उभी होते. मी फोन ठेवला आणि दूध उतू जाऊ नये म्हणून आधी गॅस बारीक केला. इतकी व्यवस्थित मुलगी आईनं मला कधी पाहिली नव्हती."

यावर हळू हसायचं, अशी तिची अपेक्षा. त्यानं सांगायला सुरुवात केली. मध्ये थांबला. पुन्हा सुरू केलं… आणि बोलतच राहिला. तिच्या तीन-चार वाक्यांना इतका वेळ लागायचं कारण नव्हतं. कुणी हसलं नाही. दंतवैद्य जमिनीकडे बघत होता. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

सुट्टीत तिनं त्याला जिन्यावर गाठलं. "काय जोडलंत?"

"काही नाही."

"खोटं बोलू नका. माझंच होतं ते."

तो कठड्याला टेकला. "दूध उतू गेलं, असं सांगितलं. सगळ्या ओट्यावर पसरलं. आणि मी ते पुसत बसलो, वाळून गेलं तरी पुसत बसलो."

"माझं नव्हतं गेलं उतू."

"माझं गेलं होतं," तो म्हणाला.

खाली फ्रिजवाल्यांचा कसलासा जयघोष चालला होता. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"बायको?"

"हो."

मग त्यानं सांगितलं. सरळ, दुभाष्याच्या आवाजात, जणू हेही कुणा दुसऱ्याचंच आहे. लग्न करून तो तिला इथं घेऊन आला. ती हसरी होती, बडबडी होती, आणि इथं तिच्याशी बोलणारा तो एकटा. दुकानदार, शेजारीण, बँक, सगळं त्याच्या तोंडून. भाषा शिकते म्हणायची, शिकली नाही. आजारी पडली तेव्हा दवाखान्यातही तोच. एक दिवस डॉक्टर बोलले, आणि त्यानं तिला सांगितलं.

"सवयीनं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, मी आता काही करू शकत नाही. मीही तिला तसंच सांगितलं. मी आता काही करू शकत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, बरं."

लेखिकेला जन्मात पहिल्यांदा काही विनोदी सुचलं नाही. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तो तसाच राहिला, वर्ग पुन्हा भरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आयोजिकाबाईंनी तिला बोलावलं. मंडळींना तिचं शिकवणं आवडलं होतं. ग्रंथपालाचा निवेदक आता दुसऱ्या पानापर्यंत जगत होता. बाईंचं म्हणणं होतं, तिनं वर्षभर इथं राहून शिकवावं. खोली देऊ, पगार देऊ. समारोपाला उत्तर द्यावं. दुभाष्यानं हे सगळं तिला सांगितलं, एक शब्द न गाळता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुमचं काय मत?"

"दुभाष्याला मत नसतं."

"आणि माणसाला?"

पाऊस थांबला होता, तरी त्यानं छत्री उघडली.

ताई मात्र फोनवर स्पष्ट होती. "तो राहा म्हणाला का?"

"नाही."

"मग तू त्याच्या तोंडून वदवून घे. नाहीतरी तुझं सगळं त्याच तोंडातून निघतंय."

समारोपाला सभागृह भरलं होतं. आयोजिकाबाईंनी माईकवरून विचारलं, आणि त्यानं तिला विचारलं, "थांबणार का?"

ती उठली. त्याच्याकडे न बघता, समोर बघत बोलली. "मला थांबायचंय. नोकरीसाठी नाही. इथं एक माणूस आहे, त्याची मला सवय झालीय. तो छत्री नीट धरत नाही. मला एवढंच हवंय, की त्यानं मला थांब म्हणावं. एकदा. मग मी थांबेन."

आता त्याची पाळी.

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. आवाज जरा खाली गेला, पण वाक्य एकही चुकवलं नाही. मला थांबायचंय. इथं एक माणूस आहे. त्यानं मला थांब म्हणावं.

मग न्यायाधीशबाई उठून, निकाल दिल्यासारखा एकच शब्द बोलल्या.

"थांब, म्हणतायत," त्यानं तिला सांगितलं.

"कोण?"

"न्यायाधीशबाई."

मग दंतवैद्य उठला. तोच शब्द. "थांब," दुभाष्या म्हणाला. मग ग्रंथपाल. "थांब." मग मागच्या रांगेतून कुणी, मग कुणी कुणी, दारात उभी असलेली एक अगदी अनोळखी बाई, बहुधा खालच्या सभेतली. प्रत्येकाचं 'थांब' त्यानं तिच्या हाती दिलं. त्याच्याच आवाजात, त्याच्याच तोंडून. एकही त्याचं नव्हतं.

सगळ्यांचं म्हणून झालं.

"आणि तुम्ही?" तिनं हळू विचारलं. माईक तिच्या हातात खाली लोंबत होता.

त्याचे ओठ हलले. तिनं त्याच्यासाठी श्वास घेतला. तो मात्र जिन्यावरच्यासारखाच बोलला, सरळ.

"बायकोलाही इथं थांब मीच म्हणालो होतो."

भाषा शिकेन म्हणावं, तर त्याची बायकोही तेच म्हणत असे. मी तशी नाही म्हणावं, तर कुणास ठाऊक.

"सांगा त्यांना," ती म्हणाली. "मी निघते."

आणि त्यानं ते सांगितलं.

बसपर्यंत तो आला, बॅग घेऊन. वाटेत दोघं हवेबद्दल बोलली. हवेबद्दल किती बोलता येतं, याचं दोघांनाही आश्चर्य वाटलं. बॅग आत गेली, ती पायरीवर चढली, दार सरकायला लागलं. तेव्हा त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

तिनं चालकाकडे वळून, सभागृहात इतक्यांदा ऐकलेला तो त्यांचा शब्द म्हटला. थांब. उच्चार बरोबर असावा, कारण दार थांबलं.

"बोला," ती म्हणाली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. पहिल्यांदाच अगंतुगं करत होता. "हे कुणाचं सांगत नाहीये. हे माझंय."

तिनं मान हलवली. पुढचं वाक्य येईल म्हणून ती वाट बघत राहिली. पायरीवर, एक पाय खाली टाकायच्या बेतात.

चालकानं वैतागून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय," तो म्हणाला, "एक जण येणार की दोघं."

"मग सांग त्याला."

तो चालकाकडे वळला. त्यानं हात वर केला आणि एक बोट दाखवलं.

एवढं तिला दुभाष्याशिवाय कळलं. तिनं पाय वर घेतला.