सुईवरचा आळ

"त्या नर्सनेच मारलं माझ्या नवऱ्याला, हॉबर्टला," नोला कूम्ब्स म्हणाली. आवाजात रागही उरला नव्हता. पंधरवड्यापासून ती अशीच बोलत होती.

अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरातल्या नोलाच्याच स्वयंपाकघरात खाजगी गुप्तहेर आयडेला सायझमोरने सगळ्यांना बोलावलं होतं. उद्या इस्पितळात चौकशी होती आणि नर्स टॅम्सिनची नोकरी टांगणीला लागली होती. आयडेलाचा कामातला जोडीदार क्लीट निवांत मक्याचा कॉर्नब्रेड चापत होता. त्याच्या लेखी दोष टॅम्सिनचाच होता, निकाल लागलेलाच होता.

"नेमकं काय झालं?" आयडेलाने टॅम्सिनला विचारलं.

"न्यूमोनिया. त्याचं स्वतःचं शरीरच बिथरून फुप्फुसांवर तुटून पडलं होतं. ते शांत करायला स्टेरॉइड दिलं. माणूस उठून बसला. मग एकाएकी रक्तात जंतू झाले."

"तुझ्या सलाइनच्या सुईतून," नोला म्हणाली.

"कसले जंतू?" आयडेलाने विचारलं.

"आतड्यातले."

"नोलाबाई, हॉबर्टच्या अंगाला खाज असायची?"

"कमरेला. कित्येक वर्षं. सकाळी लाल रेघ उठायची, जेवणापर्यंत वीतभर पुढे. पट्ट्याला शिव्या घालायचा."

हॉबर्टचा धाकटा भाऊ आर्विल कोपऱ्यात खोकत होता. आयडेला त्याच्याकडे वळली.

"लहानपणी पायात बूट असायचे?"

"बूट शाळेपुरते. संडास परसात, आणि आम्ही दिवसभर अनवाणी."

"म्हणजे खून बुटांनी केला?" क्लीट म्हणाला.

"सुईतून बहुधा कातडीवरचे जंतू जातात," आयडेला म्हणाली. "हे आतड्यातले. म्हणजे आतूनच कोणीतरी वाट करून दिली. पट्ट्याची खाज जागा सोडत नाही. सरकते ती जिवंत वस्तू. संडासाजवळच्या मातीतून अनवाणी पायांत शिरलेले बारीक जंत जन्मभर त्याच्या पोटात नांदत होते, मधूनच कमरेच्या कातडीखालून सरकत होते. शरीराचा पहारा होता म्हणून आवरलेले. स्टेरॉइडने पहारेकरी झोपवले. जंत माजले, आतडं पोखरून निघाले आणि तिथले जंतू रक्तात घेऊन गेले. औषध बरोबर होतं. आधी जंत तपासायचे, ते डॉक्टरांना सुचलं नाही."

क्लीटचा घास तोंडातच राहिला. त्याला टॅम्सिनकडे बघायची लाज वाटली.

"मग मी कोणावर रागावू?" नोलाने विचारलं.

आर्विलला पुन्हा उबळ आली. "वहिनी, मलाही आज इस्पितळात दाखल व्हायला सांगितलंय. तेच औषध देणार आहेत."

"शर्ट वर कर," नोला म्हणाली.

कमरेवर लाल, नागमोडी रेघ होती.

"जंतांवर गोळ्या आहेत," टॅम्सिन हळूच म्हणाली. "त्या आधी द्यायला सांगू."

नोलाने खुंटीवरचा आर्विलचा कोट काढून टॅम्सिनच्या हातात ठेवला.

"घेऊन जा ह्याला. आणि सुई तूच लाव."