शेपटाची जागा

सायकलवर लांबचा पल्ला मारणाऱ्यांची एक रीत असते. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. रांगेतल्या पहिल्याला खड्डा दिसला की तो ‘खड्डा!’ म्हणून ओरडतो. त्याच्या मागचा तेच ओरडतो, त्याच्याही मागचा तेच, आणि हाक अशी तोंडातोंडी शेवटापर्यंत पोचते. शेवटच्याला म्हणतात शेपूट. शेपूट ओरडत नाही, घंटी वाजवतं. घंटी ऐकू आली की पुढच्यांना कळतं, सगळे पाठीशी आहेत, चला. नाही ऐकू आली तर सगळ्यांनी तिथल्या तिथे ब्रेक दाबायचे.

ही रीत या मंडळींना दादाने लावून दिली होती. दादा म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ, शाळेत कवायत शिकवायचा. सगळ्यात दमदार असूनही कायम शेपूट व्हायचा, कुणी मागे राहू नये म्हणून. गेल्या वर्षी छातीच्या दुखण्याने तो वारला. तो ज्या वॉर्डात होता त्या वॉर्डासाठी मदत गोळा करायला मंडळी यंदा निघाली होती. सगळ्यांच्या अंगात सारखेच पिवळे रेनकोट, पाठीवर दादाचं नाव. धाकट्याच्या पाठीवरसुद्धा.

आता धाकट्याचं सांगतो. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा बिचारा. माणूस वाईट नव्हता, पण दादाचं नाव निघालं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरात सायकल आली ती दादासाठी, त्याचं शिकून झाल्यावर ती याला मिळाली. मास्तरांनी याला कधी नावाने हाक मारली नाही, ‘त्याचा भाऊ’ म्हणूनच ओळखलं. वाटलं होतं, माणूस गेला की जागा मोकळी होते. कसली मोकळी! मेलेला दादा जिवंत दादापेक्षा जास्त जागा अडवून बसला होता.

म्हणून निघताना त्याने कप्तानाकडे हट्टच धरला, शेपूट मीच होणार. कप्तान म्हणजे रांगेत पहिले असणारे निवृत्त पोस्टमन. त्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी सामानाचा टेम्पो घेऊन सगळ्यांच्या पुढे जायची आणि मुक्कामावर चहापाण्याचं बघायची. ती म्हणाली, होऊ देत भाऊजींना. फक्त ह्यांची सायकल नेताय, तर तिची घंटी बदलू नका.

ती घंटी पितळेची, चिरलेली. ट्रिंग वाजायचीच नाही, खर्र खर्र करायची. पहिल्या दिवशी धाकट्याने ती इमानाने वाजवली. संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती जमले, नर्सबाईंचे तर डोळे भरून आले. त्या रांगेत त्याच्या लगेच पुढे असायच्या. म्हणाल्या, डोळे मिटले तर वाटतं तोच आहे मागे. वहिनीही हसली, पण धाकट्याकडे बघून नाही, घंटीकडे बघून. ते मात्र त्याला लागलं. उजेड होता तोवरच तो पुलावर गेला, घंटी उपटून नदीत टाकली आणि बाजारातून नवी चकचकीत आणून बसवली.

दुसऱ्या दिवशी त्याने ती मुद्दाम जोरजोरात वाजवली. ट्रिंग, ट्रिंग! कुणी काही बोललं तर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण थांब्यावर नर्सबाई म्हणाल्या, “बरं झालं जुनीच ठेवलीस. मागून ती खरखर आली की धीर येतो.”

टोमणा असावा, असं म्हणून त्याने सोडून दिलं. दुपारी पुढून हाक आली, खड्डा. त्याचा अंगठा घंटीवर गेला, दाबायच्या आतच मागून आवाज आला. खर्र... खर्र...

त्याने वळून पाहिलं. मागे रस्ता उन्हात सरळ पडला होता, माणूस ना वाहन. वास मात्र आला, कापराच्या मलमाचा. दादा गुडघ्यांना चोळायचा ते. दुसरा कुणी असता तर घाबरून पुढे पळाला असता. याला राग आला.

“मेलास तरी जागा सोडत नाहीस,” तो दातओठ खात म्हणाला. “आता तरी सोड, दादा...”

मग उरलेला दिवसभर मागून काही वाजलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरताना धुकं असं दाटलं की नर्सबाईंचा पिवळा रेनकोटसुद्धा दिसेना. एका वळणावर धाकट्याची साखळी निसटली. तो थांबला. घाबरायचं कारण नव्हतं, घंटी वाजली नाही की सगळे थांबणारच, रीतच होती तशी. खाली धुक्यात हाक उमटली, खड्डा. एकेक आवाज जवळ येत नर्सबाईंपर्यंत आला. धाकटा वाट पाहत राहिला, आता ब्रेक करकरतील.

खर्र... खर्र...

“चला!” कप्तान खालून म्हणाले. रांग निघून गेली. धाकटा ओरडला, नवी घंटी बडवली, पण धुक्याने सगळं गिळलं.

काळ्या हातांनी साखळी बसवून तो एकटाच उतरला. पायथ्याच्या टपरीशी टेम्पो उभा होता. मंडळी चहा पीत होती. याला बघून कुणी उठलं नाही, कुठे होतास म्हणून विचारलं नाही.

“मी मागे राहिलो होतो,” तो म्हणाला. “कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही?”

कप्तान चमकले. “असं काय करतोस? आम्ही निघतच होतो. तूच तिकडे रेनकोटची टोपी तोंडावर ओढून उभा होतास. तूच म्हणालास, थांबा, मागे अजून एक जण आहे.”

नर्सबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. कप्तान धाकट्याला म्हणाले, आता तू रांगेच्या मध्ये ये.

“नाही. शेपूट मीच.”

“नको, भाऊजी...” वहिनी टेम्पोपाशी चहा ओतत होती. तिथूनच हळू आवाजात म्हणाली, “ती जागा भरलेली आहे.”

कप घेऊन ती त्याच्याकडे आली. हसत होती. तिने आपल्याकडे बघून एकदा तरी असं हसावं म्हणून त्याने काय काय केलं होतं. त्याने हात पुढे केला. मागून कापराचा वास आला. वहिनीचा हात त्याच्या हातापाशी थांबला नाही. कप त्याच्या कानाजवळून मागे गेला. परत आला तेव्हा रिकामा होता.