आधी तिचं

दिवा जरा इकडे ओढा आणि ऐका. मधे बोलू नका, मला खपत नाही.

शहाऐंशी सालची आखाजी, तुमची अक्षय तृतीया. यांनी चोपड्याच्या बाजारातून माझ्यासाठी लुगडं आणलं, हिरवं, लाल काठाचं. लग्नाला वर्ष होत आलं तरी स्वतःच्या हाताने आणलेली ती पहिलीच वस्तू. हे म्हणजे तोताराम, माझे मालक. बिजवर. पहिली बायको कौतिक तापाने गेलेली. आमच्यात दुसरीने गळ्यात सवतीचा टाक घालायचा असतो. चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर ठोकलेली बाई. माझ्या मंगळसूत्राला खेटून ती लोंबायची. नवं लुगडं आधी तिच्यापुढे ठेवायचं, घास आधी तिला दाखवायचा, मग मी.

त्या दिवशी माझ्या वयाच्या पोरी माहेरी झोक्यावर होत्या. मी सासरी, कारण आखाजीला मेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरतात, ती तिच्या नावाने भरायची होती. मेली तरी लाड संपेनात!

सासू म्हणाली, "पहिले तिले दखाड, मंग तू नेस."

"मरेल बाईनं उतरेल लुगडं मी काबर नेसू?"

मेलेल्या बाईचं उतरलेलं मी का नेसू, हे ऐकून सासू कानाला हात लावून शेजारी निघून गेली. मी टाक गळ्यातून काढला, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खाली दाबला आणि लुगडं नेसले. कोरं, कडक, फक्त माझं.

भर दुपारी हे केळीच्या बागेतून आले. बाहेर ऊन असं की कुत्रंही भुंकत नव्हतं. ते पाटावर बसले. खापरावरची पुरणपोळी वाढली, रसाचं पातेलं दोन्ही हातांत धरून समोर उभी राहिले. एकदा वर बघा. एवढंच हवं होतं मला. एकदा.

ते मान खाली घालूनच जेवत होते. मग हळूच हसले. असं हसणं मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"पाठवरथून हात काढ व... घाम येई ऱ्हायना."

पातेलं माझ्या हातांत. त्यांच्या पाठीमागे नुसती भिंत. आणि घरात कापराचा वास... खोबरेलात कापूर घालून कौतिक केसांना लावायची, हे सासूने मला शंभरदा ऐकवलेलं.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. नाही. मी जळले. वर्षभरात या माणसाने माझ्याशी त्या आवाजात एक शब्द काढला नव्हता. तो आवाज घरातच होता. तिच्यासाठी राखून ठेवलेला.

पातेलं आदळलं, कोठीकडे धावले, ज्वारी उपसली. टाक हाताला लागला तो ओला. आत कोरडी ठणठणीत ज्वारी, आणि हा न्हाऊन आल्यासारखा. तसाच गळ्यात अडकवला. परत आले, तेव्हा यांचा घास हातातच राहिला होता.

"हात काबर काढी लिधा व?" कुणाला तरी विचारत होते. मग माझ्या गळ्याकडे बघितलं. डोळे भरून आले. "गई का?"

लुगड्याकडे बघितलंच नाही.

त्यानंतर मी टाक कधी काढला नाही. तिला गळ्याशी बांधून ठेवली, त्यांच्या पाठीपासून लांब. लोक म्हणायचे, द्रौपदाबाई सवतीचं किती करते! म्हणू दिलं.

हे गेले, तेव्हा मंगळसूत्राबरोबर टाकही उतरवला आणि राखेबरोबर तापीत सोडला. घ्या म्हटलं एकमेकांना.

आता आखाजीला दोन घागरी भरते. भर दुपारी कोठीपाशी पाठमोरी बसलेली असते, तेव्हा पाठीवर कुणीतरी हात ठेवतं. मी वळून बघत नाही. हात खडबडीत आहे, केळीचे घड उचलून घट्टे पडलेला. तो यांचाच, मी ओळखते. आयुष्यभर वाट बघितली त्याची.

पण वास कापराचा येतो.