शेवटी सुरू झालेली मोटार

वीज आली, आणि शिवारातली एकही मोटार सुरू झाली नाही.

डीपीपाशी, म्हणजे शिवाराच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एरवी वीज येताक्षणी सगळे पंप एकदम उठत. प्रत्येकाच्या स्टार्टरला मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो होता, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. त्या एका धक्क्यानं डीपी जळायची आणि पानमळे वाळायचे.

"शलाका, तुझ्या डब्या झोपल्या वाटतं," जिन्नाप्पा चौगुले म्हणाले. "माझा जुना ऑटो खिशातच आहे हं. आज जमलं नाही, तर सगळेच परत बसवणार."

"मोजतायत, काका. थांबा जरा."

काडेपेटीएवढा संगणक तिनं प्रत्येक स्टार्टरमध्ये बसवला होता. तो पाच व्होल्टवर चाले. पंपाच्या चारशे व्होल्टला शिवतही नसे. तो फक्त एका लहान विद्युतचुंबकाला इशारा देई, आणि चुंबकानं ओढलेली पट्टी मोठा प्रवाह जोडून देई. मातीत खोचलेली सुई त्याला ओल सांगे. ज्याची माती कोरडी, त्यानं कमी थांबायचं. तारेतला विजेचा दाब उतरला, तर आणखी थांबायचं. या डब्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यांच्यावर कुणी मुकादमही नव्हता.

ओढ्यापलीकडे एक पंप घुमला. मग दुसरा.

"अगं, हा माझाच की!" जिन्नाप्पा ओरडले.

एकेक मोटार उठत गेली. डीपीची गुणगुण जराही चढली नाही. सगळ्यांत शेवटी मगदुमांचा, म्हणजे शलाकाच्या घरचाच पंप सुरू झाला.

"भूपालआण्णा, लेकीनं बापालाच शेपटाला बांधलं की!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

हशा पिकला. आण्णा ताठ उभे होते. "माप ते माप," एवढंच ते म्हणाले.

जिन्नाप्पांनी खिशातला ऑटो काढून शलाकाच्या हातावर ठेवला. "घाल भंगारात."

शलाका हसली, पण तिला राहवेना. घरच्या मळ्यातली पानं कालच माना टाकून होती. तो पंप पहिल्या दोन-तीनांत यायला हवा होता. ती मळ्यात गेली. वेलींच्या मुळाशी तिनं स्वतः खोचलेली सुई तिथं नव्हती. ती होती हौदाच्या गळक्या कडेला, चिखलात.

"आण्णा, ही इथं कुणी लावली?"

"मी." मागून आलेले आण्णा शांतपणे म्हणाले. "आपली मोटार आधी उठली असती, तर तुझं माप कुणी खरं मानलं असतं? वेली एक दिवस सोसतील. माझ्या पोरीचं यंत्र आज गावानं मानलं."

शलाकानं सुई चिखलातून उपसली. पाणी देऊनही माती कोरडी कशी, किंवा न देताही ओली कशी, हे तपासायला ती डबीला सहज शिकवू शकली असती. कोरड्या बांधावर सुई खोचणारे लोभी हात त्यात सापडले असते.

पण आण्णांचे हे हातही सापडले असते. दोघांतला फरक ती डबीला कोणत्या मापानं सांगणार होती?