स्कॉचच्या बाटलीत चहा

"ताई, पुरावा तेवढा द्या, मी लखनले आत्ताच पोलिसात देतो!" इंद्रभानकाका मास्क हनुवटीवर ओढून ओरडले.

कारंज्यातलं त्यांचं वाइन शॉप टाळेबंदीनंतर कालच उघडलं होतं. रांग पार चौकाबाहेर गेली आणि स्वस्तातला माल दुपारपर्यंत साफ झाला. महागाची स्कॉच एका डॉक्टरांनी नेली आणि संध्याकाळी तणतणत परत आणली. आत कोरा चहा होता! तपासल्यावर तशा सहा बाटल्या निघाल्या. बंदीत दारूला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा कुणीतरी हात धुऊन घेतले होते.

दुकानाच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या, नोकर लखन आणि काकांचा मुलगा ऋषिकेश. काका स्वतः बंदीभर अकोल्याला लेकीकडे अडकले होते.

खाजगी गुप्तहेर ज्योत्स्ना काळबांडे फडताळापुढे वाकली. तिचा जीपवाला हरिसिंग मागून डोकावला.

"बाकीच्यांवर धूळ हाये, ह्या सहा चकचकीत," तो म्हणाला. "चोरानं बोटांचे ठसे पुसले असतीन, मॅडम."

"पुसल्यानं लेबल सुरकुततं का?"

खरंच, सहाही लेबलं सुरकुतली होती, कडा सुटल्या होत्या. हरिसिंगला त्यातून काहीच उमगलं नाही.

लखन बाहेर उन्हात उभा होता. "मी आसेगावातच होतो, ताई. दिवसभर टँकरची वाट पाह्यची. प्यायलेच पाणी पुरे ना, आंघोळ कायची करता?"

"किल्ली दुसऱ्या कोणी घेतली होती?"

"नाई. खुटीवरच होती. खोटं कायले बोलू?"

हरिसिंगला त्याची कीव आली. पोरगा आपल्याच उत्तरानं फसत होता.

मग सगळे काकांच्या घरी आले. दारातच काकूंनी, रंगूबाईंनी, अडवलं. "थांबा! आधी पाय धुवा." साबणाच्या बादलीत दुधाच्या पिशव्या बुचकळल्या होत्या. अंगणातल्या दोरीवर चक्क नोटा वाळत होत्या. बिस्किटाच्या पुड्यावरचा कागदही सुरकुतलेला होता.

"मी घराबाहेर पडलोच नाही," ऋषिकेश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "दुकानाचं तोंड पाह्यलं नाही."

ज्योत्स्नानं एक बाटली त्या पुड्याशेजारी ठेवली.

"काका, ह्या बाटल्या साबणपाण्यात बुडाल्या होत्या. दुकानात नळ नाही. लखनच्या घरी प्यायलाच पाणी नाही, तो बाटल्या कशानं धुणार? आणि मोजणीत कमी भरू नयेत म्हणून परत ठेवणारा चोर मुद्दाम लेबल कशाला खराब करील? त्या त्यानं धुतल्याच नाहीत. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू जिथं धुतात, अशा घरात त्या येऊन गेल्या." ती वळली. "काकू, बाटल्याही धुतल्या होत्या?"

"धुतल्या ना," रंगूबाई सहज म्हणाल्या. "रिषी घेऊन आला होता. यायनंच फोन केला म्हणे, चोरी होईन, महागाचा माल घरी आणून ठेव म्हणून."

"मी?" काका उठून उभे राहिले. "मी कधी फोन केला?"

ऋषिकेशच्या हातातला मोबाइल खाली आला. रंगूबाईंनी लेकाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. आपल्याच हातांनी त्याला धरून दिलं होतं.

काका परत खाली बसले. "घरातली गोष्ट हाये, ताई," ते पुटपुटले. "घरातच राहू द्या."

हरिसिंगनं फाटकाकडे पाहिलं. लखन दुकानाची किल्ली मुठीत घट्ट धरून अजून उन्हातच उभा होता.

रंगूबाईंनी त्याला हाताला धरून आत आणलं. पाय धुवायला सांगायचं त्या विसरल्या. मग काकांचा फोन उचलून त्यांनी तो त्यांच्यापुढे धरला.

"लखनसाठी कालपासून पोलिसाले फोन लावतो म्हणत होते ना?" त्या म्हणाल्या. "लावा आता."