चंद्रसूर्याच्या दगडापर्यंत

"बंधाऱ्याचं निम्मं पाणी एका रात्रीत गेलं, हनीफभाई. आळ पाणी सोडणाऱ्या पाटकरी बहिरूवर आलाय. उद्या दुपारच्या सभेत त्याला काढणार. त्याआधी या."

उंबरदऱ्याच्या पाणी समितीच्या अध्यक्ष बयाबाई फोनवर एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला.

पोलिसातून निवृत्त झाल्यापासून महंमद हनीफ जुन्नरला खाजगी तपासाची कामं घेत. शाळेपासूनचा सोबती चांगदेव बरोबर असे. चांगदेवचं डोकं सावकाश चालायचं, पाय मात्र थकत नसत.

"उंबरदरा?" चांगदेव हरखला. "माझ्या मामाचं गाव ते! मी येतोच."

दुसऱ्या दिवशी घोडेगावला एसटी बदलून ते तळेघरच्या अलीकडे उतरले आणि पायवाटेला लागले. वाटभर चांगदेवचं तोंड बंद नव्हतं. इथं करवंदाची जाळी होती, इथं मामा खांद्यावर घ्यायचा, या खाचरात मामी नाचणी लावायची. मामा गेला, मामी गेली, घराच्या जागी आता घाणेरी माजली होती. तिथं तो थोडा थबकला.

बंधाऱ्यावर बहिरू उभा होता. शेजारी समितीचा सदस्य संपत, तावात.

"नदी खोरे प्राधिकरणानं बंधारा गावच्या ताब्यात दिलाय," संपत म्हणाला. "पाणी आमी अडवायचं, आमीच वाटायचं. पण ठरावाशिवाय ढापा हलला, की करार रद्द! ढापा उचलायचा आकडा याच्या घरात. मग दुसरं कोण?"

ढापे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यात एकावर एक बसवलेल्या लोखंडी फळ्या. वरचा ढापा कुणीतरी काढला होता आणि पुन्हा जागेवर बसवलाही होता.

"भाऊ, आकडा खुंटीवरून हललाच न्हाई," बहिरू काकुळतीला आला. "ही नोकरी गेली तर मला गाव सोडावं लागंल."

"चोर ढापा परत बसवतो होय?" हनीफभाई पुटपुटले आणि खाली वाकले. ढाप्याच्या कडीत घायपाताचे पांढरट तंतू अडकले होते. फटी शेण-मातीनं लिंपल्या होत्या.

"तू लिंपल्यास?"

"मी रबर लावतो. असं माझी आजी लिंपायची."

लिंपणावर बोटांच्या कमानी उठल्या होत्या. हनीफभाईंनी आपली चार बोटं त्यावर ठेवून पाहिली. एक बोट उरलं.

चांगदेवचं लक्ष भलतीकडेच होतं. "हनीफ, तो दगड बघ! चंद्रसूर्य कोरलेला. दर चैत्रात हा उघडा पडायचा आणि आम्ही पोरं त्यावरून उड्या टाकायचो. त्याच्या खाली पाणी कधी उतरायचं नाही."

"आताही चैत्रच आहे," हनीफभाई म्हणाले. पाणी दगडाच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं. ते संपतकडे वळले. "तुमचं काय नुकसान झालं?"

"मोटर कोरडी पडली की राव! खालच्या वाडीचं काम असंल. मागच्या बैठकीत त्यांना पाणी सोडायचं निघालं व्हतं. आमी हाणून पाडलं. वाडीचा एक तरी माणूस समितीत हाय का? मग पाणी कशाला?"

"बहिरूच्या जागी कोण येणार?"

"माझा पुतण्या हाय. शिकलेला हाय." एवढं बोलून संपत उगाच दुसरीकडे बघू लागला.

खालच्या वाडीत म्हसोबाच्या ठाण्यापुढचा डोह भरला होता. काठावर गुरं पाणी पीत होती. म्हातारी सोनीबाई म्हशीचं दावं धरून बसली होती; चांगदेवनं तिला ओळखलं. दावं घायपाताचं, हातानं वळलेलं. बाकीच्या गुरांना नायलॉनचे दोर होते.

"पाणी कुणी सोडलं, सोनीबाई?"

"पाण्याला पाय असत्यात, पावणं. आलं चालत."

"एकटंच आलं?"

"मग काय वाजत-गाजत येतंय?" ती बोळक्या तोंडानं हसली. "पोलिसातलं दिसता. च्या घेणार का?"

चहा त्यांनी बयाबाईंकडे घेतला. घरात चकचकीत फरशी होती, पण दारापुढचं अंगण शेणानं सारवलेलं. त्यावर पाय पडू नये म्हणून हनीफभाई कडेकडेनं आत आले. बयाबाईंनी कप पुढे केला. त्यांची करंगळी ताठ उभी राहिली होती.

"भात कापताना विळा लागला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून वाकतच न्हाई."

"सोनीबाई तुमच्या ओळखीच्या?"

"तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय. माझं माहेर खालच्या वाडीचं."

दुपारी देवळापुढे सतरंज्या अंथरल्या गेल्या. प्राधिकरणाचे साहेब खुर्चीवर बसले होते. खालच्या वाडीची माणसं लांब, पारावर.

"पाणी सगळं गेलं नाही," हनीफभाईंनी सुरुवात केली. "ते चंद्रसूर्याच्या दगडाशी थांबलं. चांगदेव, तुझ्या लहानपणी हा दगड चैत्रातच का उघडा पडायचा?"

चांगदेव विचारात पडला. मग त्याला मामा दिसला, बांधावर नारळ फोडणारा. "म्हसोबाच्या जत्रेला खालच्या वाडीला पाणी सोडायचे! गुरांसाठी. दगड दिसला, की बांध लिंपून बंद!"

"अगदी बरोबर. कुणीतरी ती रीतच पाळली. गरजेपुरतं सोडलं आणि पुन्हा अडवलं. आता आकडा. तो लागलाच नाही. कडीत दोर ओवला, दोरात दांडकं घातलं, दोन खांद्यांवर ढापा उचलला. दोर घायपाताचा होता. तसं दावं मला आज एकाच म्हशीच्या गळ्यात दिसलं."

सोनीबाईनं पदर सावरला.

"दुसरा खांदा कुणाचा? लिंपणावर सारवणाच्या कमानी आहेत. सारवताना चार बोटं उमटतात, इथं तीनच उमटली. अशाच तीन बोटांच्या कमानी मी आज एका अंगणात पाहिल्या." ते बयाबाईंकडे वळले. "अध्यक्षबाई, पुढचं तुम्ही सांगता?"

बयाबाई उठल्या. "तुमीच सांगा."

"बाईंनी बैठकीत पाणी मागितलं, ते नाकारलं गेलं. माहेरची गुरं तहानलेली बघवेनात. पण आळ बहिरूवर येईल हे ध्यानात आलं नव्हतं. तोंड उघडलं तर अध्यक्षानंच ठराव मोडला म्हणून करार जाणार, गप्प बसलं तर निरपराध माणूस जाणार. म्हणून त्यांनी मला बोलावलं, स्वतःला पकडायला."

"मंजे चोर अध्यक्षच!" संपत उसळला.

"व्हय," बयाबाई म्हणाल्या. "बैठकीत पुन्हा भांडायला पायजे व्हतं. न्हाई भांडले. अध्यक्षपद सोडते. बहिरूला हात लावू नका."

साहेबांनी चष्मा काढला. "करारात खालची वाडी कुठं आहे?"

संपतनं नकाराची मान हलवली.

"नदी वाडीवरून जाते आणि वाडी करारात नाही? मग करार रद्द नको, दुरुस्त करू. त्यांचा सदस्य घ्या, चैत्रातलं पाणी लिहा. मंजूर?"

हात वर होऊ लागले. मामाचा हातही यात असता, असं चांगदेवला वाटलं आणि त्यानं नाक शिंकरलं.

शेवटी संपतचाही हात वर गेला. मग तो सतरंजीवर थोडा सरकला. "या सोनीबाई. हितं बसा."

सोनीबाई पारावरून उठली, सावकाश चालत आली आणि ऐसपैस मांडी घालून बसली.

"आदी बहिरूला कामावर ठेवल्याचं लिवा," ती म्हणाली. "मग बाकीचं बोलू."