न वापरलेला शॉर्टकट

सरोवराकाठच्या डुलुथ बंदरात जहाजांना किराणा पुरवणारी एक कचेरी होती. तिथे हिल्मा हाउक्काला फोनवर ऑर्डरी घ्यायची. संधिवाताने तिची बोटं वाकली होती, म्हणून स्क्रीनच्या डाव्या कडेला तिने स्वतःचा टूलबार करून घेतला होता. ऑर्डर, गोदाम, ट्रक, हवामान, सगळ्यांचे मोठे शॉर्टकट, हाताला सवय होती त्याच क्रमाने. त्याच्या जोरावर ती तरण्याताठ्यांना मागे टाकायची.

नवा साहेब ब्रेंट सुंडवॉल याने तो टूलबार पुन्हा पुन्हा पुसला.

"सगळ्यांच्या स्क्रीन एकसारख्या हव्यात, हिल्मा. हे काय दुकान मांडलंय तुम्ही?"

"माझ्या हातांनी एक दिवस काम करून दाखव, मग बोल!" ती कडाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दात-ओठ खात टूलबार पुन्हा उभा केला. तळाशी एक शॉर्टकट जास्तीचा दिसला. चित्र कोरं, खाली नाव: ब्रेंट. शेजारच्या डोरीनचा चावटपणा असणार. हिल्माने दोन शिव्या हासडून तो पुसून टाकला. शॉर्टकट पुसला तरी मूळ प्रोग्राम जागच्या जागी राहतो, हे ती नव्या मुलींना स्वतःच शिकवायची.

ब्रेंट त्या दिवशी आला नाही.

"साहेब कुठे उलथलाय आज?" तिने डोरीनला विचारलं.

"कोण साहेब? ती जागा उन्हाळ्यापासून रिकामी आहे, बाई. बरं वाटतंय ना तुला?"

ब्रेंटच्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती. त्यांच्यावर धुळीचा जाड थर होता.

पुढच्या सकाळी टूलबारच्या तळाशी, त्याच जागी, नवा शॉर्टकट होता: तोइवो.

तोइवो तिचा एकुलता एक मुलगा. अलास्कात असायचा. वारलेल्या बापाची होडी त्याने आईला न विचारता विकली, तेव्हापासून दोघांत अबोला होता. आधी त्याने फोन करावा, हा हिल्माचा हट्ट. जेवणाच्या सुट्टीत मात्र ती त्याच्यासाठी हातमोजे विणायची, टाके करकचून आवळत. मेल्याचे पंजे बापासारखेच फावड्याएवढे होते.

"माझ्या मशीनला हात लावलास तर बघ," तिने डोरीनला बजावलं. रोज कोट काढायच्या आधी ती तो शॉर्टकट जागेवर आहे ना, ते पाहायची. एकदा तिने माउसचा बाण त्याच्यावर नेला. क्लिक केलं तर पलीकडून तोइवोचा आवाज येईल, असं तिला का कोण जाणे खात्रीने वाटलं. मग होडी आठवली आणि तिने बाण मागे घेतला.

सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला, तेव्हा एका सकाळी स्क्रीनवर पाटी आली. बरेच दिवस न वापरलेले शॉर्टकट काढून टाकायचे का?

तिने 'नाही' दाबायला हात पुढे केला. त्याआधीच बाण आपोआप 'हो'कडे सरकू लागला.

फोन वाजला. मुख्य कचेरीतली पॅम होती, तिथूनच हिल्माचं मशीन चालवत होती.

"जरा साफसफाई करतेय, हिल्मा. एकच निघतोय तुमचा."

"हात काढ! पॅम, आधी हात काढ!"

"अहो, नुसता शॉर्टकट आहे. मूळ चीज कुठे जातेय?"

क्लिक.

टूलबारची तळाची जागा रिकामी झाली.

पलीकडून पॅम चाचरत म्हणाली, "हिल्मा, तो तोइवो... कोण होता?"

"कोण तोइवो?" हिल्मा खेकसली. "कामाच्या वेळी कसले फोन करतेस!"

तिने फोन आदळला. ओरडून घसा दुखत होता. कुणाचा तरी भयंकर राग आला होता, पण कुणाचा, ते काही केल्या आठवेना.

खणात अर्धा विणलेला हातमोजा होता. नवरा वारल्यापासून एवढ्या मोठ्या पंजाचं घरात कुणीच नव्हतं. चांगली लोकर वाया घालवली म्हणून ती स्वतःवरच चिडली आणि टाके उसवायला बसली.